हापशासाठी निघालेल्या सायकली

दादा सायकलीवर मुरूडला जाणार म्हटल्यावर आई आधी हसली. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. पन्नाशीला टेकलेले, नांदेडला पाटबंधारे खात्यात ट्रेसर. इंजिनिअरांनी काढलेले कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं गिरवायचे, हे त्यांचं काम. त्यांची सायकल घरापासून ऑफिसापर्यंत आणि ऑफिसापासून घरापर्यंत जायची. रविवारी ते तिला पुसायचे, चेनला तेल सोडायचे आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचे.

"मुरूड म्हणजे लातूरच्या पल्याड," आई म्हणाली. "एसटीनं गेलं तरी कंबर मोडते. अन् तुम्ही या उन्हात सायकल मारत जाणार?"

"एकटा न्हाई जाऊन राहिलो. गुरुजी हायत. वीस-पंचवीस जण हायत."

"पण कामून?"

"हापशासाठी," दादा म्हणाले.

मग आई हसायची थांबली. हापसा कुणासाठी, ते तिला कळलं.

मुरूडपासून थोडं आत दादांचं गाव. गाव म्हणायचं, पण आमचं तिथं जे काही होतं ते ओढ्यापलीकडच्या वस्तीत. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, घरातले देव ओढ्यात सोडले. पण वस्ती होती तिथंच राहिली, आणि गावातल्या विहिरीवर जायची वाट काही उघडली नाही. वस्तीला स्वतःचा एक आड होता, त्यावर सगळ्यांचं भागायचं. दादांच्या थोरल्या भावाची बायको, आमची मोठी आई, तिथं एकटी राहायची. मोठे बाबा वारून बरीच वर्षं झाली होती. ती गावातल्या लोकांच्या वावरात रोजानं जायची आणि दादांनी कितीही बोलावलं तरी नांदेडला येत नव्हती.

दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. वस्तीचा आड आटला. लग्नाच्या निमित्तानं आलेल्या एका पाहुण्यानं निरोप आणला की बायका ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायलेत. "अन् तुझी भावजय म्हणून राहिली," तो दादांना म्हणाला, "की धाकट्याला सांगा, तुमी तर पाण्याच्याच खात्यात हाव म्हणं."

 त्यानंतर दोन-तीन दिवस दादा जेवताना तांब्याकडं बघत बसायचे, आणि आई म्हणायची, "अहो, जेवा."

गुरुजी म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. खादीचा सदरा, पांढरी टोपी. दर उन्हाळ्यात ते कॉलेजच्या पोरांना घेऊन सायकलफेरी काढायचे. कधी डोळ्यांच्या शिबिरासाठी, कधी एखाद्या वसतिगृहासाठी. वाटेत गावोगाव थांबायचं, भाषण करायचं, लोक देतील ते घ्यायचं. त्या वर्षी त्यांनी पाण्याचं मनात घेतलं होतं. दादांना रस्त्यात भेटले तेव्हा ते म्हणाले, "लातूर आता नवा जिल्हा झालाय. नवे साहेब, नवी उमेद. बोअरची गाडी मी त्यांच्याकडून मिळवतो. पंप, पाइप, खालचा ओटा आपण मागून उभा करू. गाव कुठलं घ्यायचं एवढंच ठरायचंय."

दादांनी जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. वस्तीचंही सांगितलं. गुरुजी म्हणाले, "ठरलं. आणि तुम्हीही चला."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादांनी माझ्यासाठी एक जुनी लेडीज सायकल घेतली होती, तिच्यावर मी कॉलेजला जायची. मीही येणार म्हटल्यावर आईनं घर डोक्यावर घेतलं. पोरीच्या जातीनं एवढ्या गड्यांबरोबर, उघड्या रस्त्यानं! दादा शांतपणे म्हणाले, "येऊ दे तिला. तिची मोठी आई हाय तिथं. पाणी लागंल तवा तिनं बगितलं पाहिजे."

जयंती झाली, परीक्षा संपली आणि आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या अंगात जोर होता. पोरं घोषणा देत होती. विष्णुपुरीला नदीवर धरणाचं काम चाललं होतं, तिथं गुरुजींनी सगळ्यांना उतरवलं आणि गोदावरीकडं हात करून सांगितलं की इथं अडलेलं पाणी उद्या हा भाग हिरवा करील. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "याचे पाट कुठं कुठं जातेत ते मी गिरवलेत. आपल्या गावाकडं एकबी जात न्हाई." त्यात तक्रार नव्हती. कालवा उतारानं जातो, आमचं गाव वर आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

लोह्याच्या पुढं मात्र घोषणा बंद पडल्या. ऊन रस्त्यातून वर यायचं. डांबर वितळून टायरला चिकटायचं, आणि कडेनं चालवावं तर बाभळीचे काटे. थोड्या थोड्या वेळानं कुणाची तरी सायकल पंक्चर व्हायची आणि सगळे सावली शोधायचे. सावलीही नव्हती. कडुलिंबाची झाडं गुरांसाठी ओरबाडून नेलेली, नुसत्या फांद्या उभ्या. रस्त्यानं बायकापोरं, डोक्यावर गाठोडी, एखादी शेळी, अशी माणसं चाललेली दिसायची. कुठं चाललाव विचारलं तर "बगू," म्हणायची.

गावोगाव आमचं स्वागत व्हायचं, आणि ते मला सोसायचं नाही. गाव कितीही कोरडं असो, शाळेपुढं उतरलो की कुणीतरी घागर आणि तांब्या घेऊन यायचंच. "प्या, उन्हातून आलाव." पोरं तहानलेली, घटाघटा पिऊन टाकायची. आम्ही पाण्यासाठी मागायला आलो होतो आणि त्यांचंच पाणी पिऊन पुढं जात होतो. दादा एक घोट घ्यायचे आणि तांब्या परत द्यायचे. मीही तसंच करायला लागले.

माळाकोळीच्या अलीकडं रोजगार हमीचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला बायका उन्हात बसून खडी फोडत होत्या. डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून पदर पुढं ओढलेला, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सायकलवरची मुलगी बघून त्यांचे हातोडे थांबले.

"कुठं चाललीस गं बाई?" एकीनं विचारलं. चाळिशीची असेल, पण दात बरेच गेलेले.

"मुरूडकडं, मावशी. तिथं एका वस्तीला हापसा बसवायचाय. त्यासाठी मागत चाललोय."

"हापसा?" ती इतर बायकांकडं वळली. "आगं, हापसा बसवाया चाललेत म्हणं." मग मला म्हणाली, "आमच्या गावावरनंच जाणार की तुमी. मंग आमचा कवा?"

मी सायकलवरून उतरले. तोवर गुरुजी आले. त्यांनी हात जोडून सांगितलं, "माय, या वर्षी एका गावाचं होऊ द्या. पुढच्या वर्षी तुमच्याकडं येऊ."

"पुढच्या वर्षी आमी इथं आसू का?" असं म्हणून ती हसली. खरंच हसली, रागानं नाही. मग कमरेची चंची सोडून तिनं एक नाणं काढलं आणि गुरुजींच्या हँडलला बांधलेल्या पेटीत टाकलं. तिचं बघून आणखी दोघी उठल्या. गुरुजी सारखे नको नको म्हणत होते, पण पेटी पुढं करून उभे होते.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात दादा पायांना तेल चोळत बसले होते. मी विचारलं, "दादा, आपण यांचा हापसा का बसवत नाही?"

"कारण माझी भावजय तिकडं हाय," दादा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "ज्याचं माणूस सायकलीवर बसून निघालं त्याला पाणी. बाकीच्यांनी काय करावं, मला ठाऊक न्हाई."

अहमदपूरला चार पोरं आजारी पडली आणि परत गेली. चाकूरपर्यंत आणखी काही गळाली. मागून एक टेम्पो यायचा, त्यात गोळा झालेली ज्वारी आणि जुने कपडे होते. थकलेली पोरं त्यातच सायकल टाकून बसायला लागली. दादा बसले नाहीत. त्यांचे गुडघे सुजले होते. चढ आला की ते उतरायचे, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सीट धरून ढकलत चालायचे. मीही उतरायची. आम्ही दोघं सगळ्यांच्या मागं पडायचो. असं मागं चालताना त्यांनी मला गावातल्या गोष्टी सांगितल्या, ज्या घरात कधी सांगितल्या नव्हत्या. शाळेत ते दाराबाहेर बसायचे. तहान लागली की कुणी मोठं पोरगं वरून ओंजळीत पाणी ओतेल याची वाट बघायची. कधी कुणी ओतायचं, कधी नाही. "आता तसं न्हाई राहिलं," ते म्हणाले. "आता जिल्हाबी नवा झाला. लोक शिकले."

लातूरला मात्र खरोखर सण होता. कमानी, नव्या पाट्या, रंग दिलेल्या इमारती. चौकात आम्हाला हार घातले. जो तो जिल्ह्याबद्दलच बोलत होता. जिल्हा झाला, आता रस्ते होतील, कारखाने येतील, उस्मानाबादला खेटे घालायला नको. पाण्यासाठी लोकांच्या घागरी गल्लीतून रांगेत लागलेल्या होत्या, त्या ओलांडून आम्ही सायकली नेल्या. गुरुजी एका साहेबांना भेटून आले. साहेब चांगला माणूस होता. त्यानं बोअरची गाडी द्यायचं कबूल केलं, फक्त एक अट घातली. गाडी अवजड असते, कॉम्प्रेसरची दुसरी गाडी सोबत असते; ती जिथवर जाईल तिथंच बोअर घेता येईल.

"जाईल ना तुमच्या वस्तीत?" गुरुजींनी विचारलं.

"ओढा कोरडा हाय," दादा म्हणाले. "ओढ्यानंतर एक वावर लागतंय. तेबी मोकळंच आसंल. जाईल."

गावात शिरलो तेव्हा आम्ही पंधराही उरलो नव्हतो. दादा थेट वस्तीत गेले. मोठी आई घरापुढं बसली होती. तिनं आधी दादांच्या सायकलीकडं बघितलं, मग त्यांच्या पायांकडं.

"एसटी बंद झाल्या का?" ती म्हणाली.

दादा हसले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळून गेलीस की गं." मग आत जाऊन पाणी आणलं. तांब्यात तळाला वाळू होती. त्या वेळी मात्र दादा ते सगळं पाणी प्याले.

गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. मधल्या वावराच्या मालकाकडं सांगायला म्हणून गुरुजी, दादा आणि मी गेलो. तो दादांच्याच वयाचा, शाळेत त्यांच्याच वर्गात होता. फरक एवढा की तो आत बसायचा. त्यानं उठून नमस्कार केला. "या साहेब, या. नांदेडहून सायकलीवर! कमाल केलीस गड्या." ओट्यावर घोंगडी टाकली. चहा आला, सगळ्यांना सारख्याच कपातून आला. दादांना बरं वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

गुरुजींनी काम सांगितलं. तो ऐकत होता, मान डोलवत होता. मग म्हणाला, "हापसा व्हावा की. पुण्याचं काम हाय. पर गाडी माज्या वावरातनं न्हाई."

"वावर तर मोकळंच हाय," दादा म्हणाले. "पेरणी न्हाई, काय न्हाई. नुकसान काय व्हणार?"

"नुकसान कोण म्हणतंय? आज गाडी गेली की चाकोरी पडती. चाकोरी पडली की वाट व्हती. उद्या तुमची वस्ती म्हणंल, आमची जुनी वाट हाय ही. पोरानातवंडांला भांडत बसावं लागंल."

"मी लिहून देतो."

"तू नांदेडला, बाबा. हितं कोण बगाया येतंय?" तो दुखवायला नाही, समजवायला बोलत होता. "रागावू नको. दुसरं काय बी माग."

तिथून आम्ही सरपंचांकडं गेलो. त्यांनी लगेच तोड काढली. चावडीपुढं गाडी येते, रस्ता आहे, जागा सरकारी आहे. तिथं बोअर घ्यावा. "हापसा सगळ्या गावाचा. वस्ती काय गावाच्या भाईर हाय का?"

गुरुजींना ते एकदम पटलं. ते दादांना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हे तर उलट चांगलं झालं. एकाच पाण्यावर सगळे येतील. आपण वस्तीपुरतं बघत होतो, हे गाव जोडणारं काम होईल."

"गुरुजी," दादा म्हणाले, "आपण वस्तीसाठी मागितलं. खडी फोडणाऱ्या बायकांनी वस्तीसाठी दिलं."

"पाणी सर्वांचं असतं."

"आसतंय. पर हातात कुणाच्या येतंय ते बगावं लागतंय."

गुरुजींना वाईट वाटलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर गाडी परत पाठवू. पण पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही. जिल्ह्यातली सगळी गावं मागतायत."  दादा मोठ्या आईला विचारायला गेले. ती म्हणाली, "घ्या तिकडं. झिऱ्यापरीस बरं."

बोअरची गाडी आली तेव्हा सगळं गाव चावडीपुढं जमलं. कॉम्प्रेसरचा आवाज एवढा की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आधी पिठासारखी पांढरी धूळ उडाली आणि जमलेल्या सगळ्यांची तोंडं, टोप्या, पोरांची डोकी पांढरी झाली. मग काळी भुकटी आली, मग पुन्हा पांढरी. एकामागून एक रॉड जमिनीत जात राहिले. दुपारपर्यंत लोक कंटाळून पांगले. वस्तीतल्या बायका मात्र रिकाम्या घागरी मांडीशी घेऊन लांब, पडक्या भिंतीच्या सावलीला बसून होत्या. त्या हलल्या नाहीत.

ऊन उतरायच्या वेळी धुळीचा रंग बदलला. मिस्त्री ओरडला. ओली माती उडाली, मग गढूळ पाण्याची चिळकांडी वर गेली आणि आमच्या अंगावर पडली. पांगलेलं गाव धावत आलं. पोरं चिखलात नाचायला लागली. गुरुजी रडत होते. त्यांनी दादांना मिठी मारली. दादांचा सदरा चिखलानं भरला होता आणि ते लहान पोरासारखे हसत होते. मी मोठ्या आईकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

ओटा बांधून हापसा बसायला पुढचे काही दिवस गेले. उरलेली पोरं गावातच राहिली, त्यांनीच दगड वाहिले. मग सरपंचांनी उद्घाटन ठेवलं. हापशाला हळदकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. सरपंचांच्या बायकोनं पूजेसाठी घासूनपुसून लखलखीत केलेली तांब्याची घागर तोटीखाली ठेवली. गुरुजींनी भाषण केलं आणि शेवटी, कुणाला काही न विचारता, मला पुढं बोलावलं.

"ही आमची मुलगी नांदेडपासून सायकल चालवत आली. एकही दिवस टेम्पोत बसली नाही. पहिला हात तिचा!"

टाळ्या वाजल्या. मी पुढं झाले. दांडा धरला आणि हापसायला लागले. आधी नुसता आवाज आला, मग पाणी आलं. पाणी गार होतं. घागर भरेपर्यंत मी हापसत राहिले. तोवर मागं कुणीतरी सरपंचांच्या बायकोच्या कानाला लागलं. मला ते शब्द ऐकू आले. "आगं, ती वस्तीतली हाय. त्याचीच लेक."

टाळ्या थांबल्या. घागर काठोकाठ भरली होती. मी बाजूला झाले. कुणी घागर उचलेना. सरपंचांच्या बायकोनं नवऱ्याकडं बघितलं, त्यांनी हापशाकडं. शेवटी ती पुढं आली आणि अगदी मायेनं मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई ती घागर. तुज्या मोठ्या आईला ने. माज्याकडून भेट म्हण."

मग दुसऱ्या एका बाईनं बादलीभर पाणी हापसून दांडा धुतला, तोटी धुतली, ओटा धुतला. आमच्यादेखत धुतला. गुरुजी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, असं काय... अहो..."

सरपंचांनी लगेच ठरवून टाकलं. सकाळी गाव भरंल, दुपारी वस्तीनं यावं. हापसायला गावातलं माणूस आसंल, ते वरून ओतंल. भांडण नको.

दादा तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "कायदा हाय. मी लातूरला जातो, लिहून देतो. बगू कोण ओततंय ते."

"जा की," कुणीतरी म्हणालं. आवाज चढले. सायकलफेरीतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गुरुजींनी दादांचा हात धरला. "आत्ता नको. हळूहळू होईल. पाणी तर लागलंय ना."

मोठी आई गर्दीतून पुढं आली. ती दादांशी कधी एकेरीत बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "तू गप. तू जाशील नांदेडला. तुज्या अर्जावर पोलीस येतील, एक दिस उभं ऱ्हातील अन् जातील. मंग मला रोजानं कोण बोलवंल? ह्या सगळ्यांला कोण बोलवंल?" तिनं वस्तीतल्या बायकांकडं हात केला. "आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

दादा खाली बसले. ओट्याजवळच, धुतलेल्या पाण्याच्या चिखलात. मी त्यांना उठवायला गेले. त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांना उठता येईना.

परत येताना आम्ही सायकली एसटीच्या टपावर टाकल्या. मोठ्या आईनं ती तांब्याची घागर ठेवून घेतली नाही. ती म्हणाली, मी मडक्यातच भरते, मला सवय हाय. घागर वस्तीतल्या बुद्धविहारात नेऊन ठेवली, आणि पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. लातूरला गाडी बदलली तेव्हा कमानी अजून होत्या. दादा खिडकीशी बसले होते. माळाकोळीच्या पुढं खडीचं काम चाललेलंच होतं. मी मान बाहेर काढून त्या बाईला शोधायला बघितलं, पण सगळ्यांचे पदर सारखेच पुढं ओढलेले होते.

नांदेडला सायकलफेरीचा सत्कार झाला. दादा गेले नाहीत, मीही गेले नाही. त्यांनी लातूरला एक अर्ज मात्र केला, मोठ्या आईचं न ऐकता. त्याचं उत्तर आलं नाही. पण अर्जाची बातमी गावात पोचली असावी, कारण त्या पावसाळ्यात मोठ्या आईला खुरपायला कुणी बोलावलं नाही. पाऊस तसाही जेमतेमच झाला. ती आणि आणखी तीन-चार घरं लातूरला उठून गेली. एका नव्या इमारतीच्या कामावर ती विटा वाहायची आणि कामाच्या कडेलाच पत्र्याच्या आडोशाला राहायची. दादा तिला आणायला दोनदा गेले. ती आली नाही. पहिल्यासारखं बोललीही नाही. "तुला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. दोन वर्षांनी ती तिथंच तापानं गेली.

हापशाचं पाणी पुढच्याच उन्हाळ्यात गेलं. आधी खूप हापसलं की थोडं यायचं, मग नुसती हवा. गावाच्या विहिरीही बसल्या होत्या. टँकर आला की गाव आणि वस्ती दोन्हीकडचे लोक धावायचे, आणि टँकरवाला चावडीपुढंच थांबायचा, कारण त्याचीही गाडी वावरातून जात नव्हती.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले. वर्षात फार थकले होते. ते म्हणाले, या वर्षी पुन्हा फेरी काढायची आहे, त्या खडी फोडणाऱ्या बायकांच्या गावासाठी. शब्द दिलाय. "तुम्ही याल का?"

दादांनी त्यांना चहा दिला. गुरुजींवर दादांचा राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. समोर बसून दादा म्हणाले, "गुरुजी, पाणी लागलं तेच वाईट झालं. बोअर कोरडा गेला आसता तर आपण दोघं आजबी म्हणलो असतो की पाण्याचीच कमी हाय."

गुरुजींनी कप खाली ठेवला.  चपला घालताना ते भिंतीला धरून उभे राहिले आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या वर्षी फेरी निघाली नाही. पोरं मिळाली नाहीत, असं नंतर कळलं. दादा नोकरीतून निवृत्त होईपर्यंत नकाशे गिरवत राहिले.